पाणी, वीज, भांडवल आणि हमी : महाराष्ट्राच्या आर्थिक जडणघडणीत शासनाचा वाटा

आर्थिक विकासात शासनाकडे मुख्यतः पाच कामे येतात. व्यवहाराचे नियम घालून देणे आणि ते पाळायला लावणे, हे पहिले. धरण, कालवा, वीज, रस्ता अशी एकट्यादुकट्याच्या कुवतीबाहेरची कामे उभी करणे, हे दुसरे. जिथे भांडवल फिरकत नाही तिथे सुरुवातीचे भांडवल घालणे, हे तिसरे. दुष्काळासारख्या संकटात माणसाला तगवणे, हे चौथे. आणि मागे पडलेल्या प्रदेशांना बरोबरीला आणणे, हे पाचवे. ही पाचही कामे महाराष्ट्रात गेल्या दीडशे वर्षांत करून पाहिली गेली आहेत. त्यांतली काही फळाला आली, काही अर्ध्यावर राहिली, काही अंगाशी आली. शासनाने विकासासाठी काय करावे आणि कसे करावे, याचे उत्तर या अनुभवातून बऱ्यापैकी स्पष्टपणे मिळते.

सुप्याच्या दंग्यापासून मुंबई योजनेपर्यंत

मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल करून कर्जखते जाळली. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. सारा रोखीने आणि वेळेवर भरावा लागे, पीक बुडाले तरी त्यात सहसा सूट मिळत नसे, आणि मग सावकाराचा उंबरठा चढण्यावाचून इलाज उरत नसे. जमिनीवरचा मालकी हक्क विकता येण्याजोगा झाल्यामुळे कर्ज थकले की जमीनच हातची जाई. दंग्याची चौकशी झाली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. कर्जाच्या मुळाशी जाऊन हिशेब तपासण्याचा अधिकार त्याने न्यायालयाला दिला.

कायद्याने सावकाराचा हात आवरला, पण बी-बियाणाला पैसा कुठून आणायचा हा शेतकऱ्याचा प्रश्न तसाच राहिला. अन्याय थांबवणारा नियम हवाच. त्याच्या जोडीला गरज भागवणारी संस्थाही हवी, हा त्यातून मिळालेला पहिला धडा. त्या संस्थेची सुरुवात १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याने झाली.

याच काळात महादेव गोविंद रानडे यांनी या प्रश्नाला तात्त्विक बैठक दिली. १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दिलेल्या व्याख्यानात त्यांनी असे मांडले, की अर्थशास्त्राचे सिद्धान्त देशकालानुसार तपासून घ्यावे लागतात. व्यापाराला मोकळे सोडले की सर्वांचे भले होते हे इंग्लंडमध्ये रुजलेले मत भांडवल, कौशल्य आणि संघटना या तिन्ही बाबतींत दुबळ्या असलेल्या देशाला जसेच्या तसे लागू पडत नाही. अशा देशात शासनाने उद्योगांना हात दिला पाहिजे. दादाभाई नौरोजींनी देशातून होणाऱ्या संपत्तीच्या निचऱ्याचा हिशेब मांडला होता. रानड्यांनी त्याच्या पुढचा प्रश्न विचारला : संपत्ती देशातच राहिली, तरी ती उत्पादक कामाला लावणार कोण?

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर या प्रश्नाला दोन टोकांकडून उत्तरे आली. १९४४ मध्ये जे. आर. डी. टाटा, घनश्यामदास बिर्ला, पुरुषोत्तमदास ठाकुरदास प्रभृतींनी तयार केलेली योजना ‘मुंबई योजना’ म्हणून ओळखली जाते. १५ वर्षांत १०,००० कोटी रुपये गुंतवून दरडोई उत्पन्न दुप्पट करायचे, असा तिचा आराखडा होता आणि त्यात शासनाला मोठे स्थान होते. पायाभूत उद्योगांना लागणारे प्रचंड भांडवल आणि परताव्यासाठी पाहावी लागणारी दीर्घ वाट खासगी उद्योगाला एकट्याने पेलणार नाही, हे उद्योगपतींनीच मान्य केले होते. १९४७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात याहून पुढे जाऊन मूलभूत उद्योग, विमा आणि शेती शासनाच्या मालकीची असावी, अशी मागणी केली. आर्थिक सत्ता मूठभरांच्या हाती राहिली तर राजकीय स्वातंत्र्य गरिबाच्या कामाचे राहणार नाही, ही त्यामागची चिंता होती. कारणे वेगळी होती, मार्ग वेगळे होते. शासनावाचून उभारणी होणार नाही, याबद्दल मात्र दोन्हीकडे दुमत नव्हते.

कालवे आधी, ऊस नंतर

पश्चिम महाराष्ट्रातील समृद्धीचा उगम दुष्काळनिवारणात आहे. सह्याद्रीच्या पूर्वेचा पट्टा पर्जन्यछायेचा. १८७६–७८ च्या भीषण दुष्काळानंतर तिथे संरक्षक सिंचनाची कामे हाती घेण्यात आली. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला. पुढे दारणा धरण आणि गोदावरीचे कालवे झाले, १९२६ मध्ये प्रवरेवरचे भंडारदरा धरण पूर्ण झाले आणि १९२८ मध्ये भाटघरचे मोठे धरण.

या कालव्यांतून सरकारला नफा अपेक्षेप्रमाणे मिळाला नाही. ज्वारी-बाजरीचा शेतकरी चांगल्या पावसाच्या वर्षी पाणीपट्टी भरून पाणी घ्यायला तयार नसे, आणि वाईट वर्षी सगळेच एकदम पाणी मागत. बारमाही पाणी घेणारे आणि त्याचे मोल परत करणारे पीक हवे होते. ते उसाच्या रूपाने सापडले. सासवडच्या माळ्यांसारखे कसलेले बागायतदार नीरेच्या आणि पुढे गोदावरी-प्रवरेच्या पट्ट्यात उतरले, खंडाने जमिनी घेऊन त्यांनी ऊस पिकवला आणि गुळाची गुऱ्हाळे पेटली. दुष्काळात माणसे आणि जनावरे जगावीत म्हणून सरकारने आणलेले पाणी दोन पिढ्यांनंतर साखरधंद्याचा पाया ठरले.

संस्थानी मुलखातही असाच प्रयत्न झाला. कोल्हापुरात छत्रपती शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली, १९०६ मध्ये कापडगिरणी सुरू केली, राधानगरी धरणाचे काम हाती घेतले आणि १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा निर्णय घेतला. पेठ, गिरणी, धरण आणि शाळा ही चारही कामे विकासाची म्हणून एकत्र पाहणारे ते राज्यकर्ते होते. ही दृष्टी पुढच्या काळात नेहमीच टिकली असे नाही. धरणाच्या भिंतीला निधी सहज मिळाला. शाळेच्या भिंतीला तो मिळवण्यासाठी गावांना खेटे घालावे लागले.

काटा, गव्हाण आणि शासनाचे भागभांडवल

अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील लोणीच्या परिसरात विठ्ठलराव विखे पाटील यांनी गावोगाव फिरून सहकारी साखर कारखान्यासाठी शेतकऱ्यांकडून भाग गोळा केले. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी संस्थेची रचना आखून दिली आणि ते तिचे पहिले अध्यक्षही झाले. वैकुंठभाई मेहता यांचे पाठबळ मुंबई राज्याच्या मंत्रिमंडळातून मिळाले. प्रवरेच्या या सहकारी कारखान्याचे पहिले गाळप १९५०–५१ च्या हंगामात झाले.

शेतकऱ्यांनी पैपैसा जमवला हे खरे, पण साखर कारखाना एवढ्यावर उभा राहत नाही. १९५४ मध्ये अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी समितीने आपला अहवाल दिला. शेतकऱ्याच्या एकूण कर्जापैकी सहकारी संस्थांकडून येणारा वाटा अगदीच नगण्य आहे, असे तिला आढळले. सहकाराला दुबळेपणातून बाहेर काढायचे तर शासनाने भागीदार व्हावे, अशी तिची शिफारस होती. महाराष्ट्राने ती मनावर घेतली. सहकारी कारखान्याचे भाग शासनाने घेतले, वित्तसंस्थांच्या कर्जाला शासनाने हमी दिली आणि साखरधंद्याचे परवाने देताना सहकाराला प्राधान्य मिळाले. पुढे रूढ झालेल्या सूत्रात सभासदांचे १० टक्के, शासनाचे ३० टक्के आणि कर्जाचे ६० टक्के अशी विभागणी असे.

या भागीदारीची वीण गाळप हंगामात कारखान्याच्या फाटकाशी उभे राहिले की दिसते. बैलगाड्या आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागलेली असते. भरलेले वाहन काट्यावर चढते, वजनाची चिठ्ठी निघते, मोळ्या गव्हाणीत पडतात आणि रिकामे वाहन पुन्हा काट्यावर येते. दोन वजनांतला फरक म्हणजे शेतकऱ्याचा ऊस. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला नाही तर वजन आणि उतारा दोन्ही घटतात, म्हणून तोडणीपासून गव्हाणीपर्यंतची साखळी घड्याळावर चालवावी लागते. काही दिवसांनी उसाचे बिल निघते. त्यातून विकास सोसायटीचे कर्ज, पाणीपट्टी आणि ठेवी कापून उरलेली रक्कम खात्यावर जमा होते.

त्या एका बिलात शासन अनेक रूपांनी हजर असते. काट्याची तपासणी वैधमापन विभागाची. पाणी पाटबंधारे खात्याचे. सोसायटीचे कर्ज जिल्हा बँकेमार्फत राज्य बँकेकडून आणि तिच्यामागे नाबार्डकडून आलेले. उसाचा किमान दर, म्हणजे एफआरपी, केंद्र सरकारने ठरवलेला. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, हा नियम १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातला. बिलावर नाव एका शेतकऱ्याचे असले तरी त्यामागे पाऊणशे वर्षांत घडवलेली व्यवस्था आहे.

या व्यवस्थेने ग्रामीण महाराष्ट्राचा कायापालट केला. कारखान्याभोवती शाळा, महाविद्यालये, दवाखाने, दूधसंघ आणि बँका उभ्या राहिल्या, आणि शेतकऱ्याच्या पोराला गावाजवळ नोकरी मिळाली. तिची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. शासनाचे भागभांडवल असल्यामुळे कारखाना राजकारणाचे केंद्र बनला. भाग-भांडवल आणि हमी देताना कारखाना चालेल का, याऐवजी तो कोणाचा, हे पाहिले जाऊ लागले. पुरेसा ऊस नसलेल्या भागातही कारखाने निघाले, आजारी पडले, आणि थकलेल्या कर्जाची हमी सरकारी तिजोरीवर आली. पुढे अनेक कारखाने विक्रीला निघाले किंवा भाडेतत्त्वावर गेले. आणि ज्यांच्या कोयत्यावर हे सारे चालते ते बीड, अहिल्यानगर, जालना भागांतील ऊसतोड मजूर या सहकाराचे सभासद कधीच झाले नाहीत. मुकादमाकडून उचल घ्यायची, दिवाळीनंतर बिऱ्हाड पाठीवर टाकून निघायचे आणि हंगामभर पाचटाच्या कोपीत राहायचे, हे त्यांचे जिणे. त्यांच्या मुलांची शाळा दरवर्षी मध्येच सुटते. शासनाने ज्याला भागीदार केले तो वर आला. ज्याला केले नाही तो जिथल्या तिथे राहिला.

वीज आणि भूखंड

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले तेव्हा उद्योग मुख्यतः मुंबईत आणि तिच्या आसपास एकवटलेले होते. उद्योग बाहेर न्यायचे तर वीज, पाणी, रस्ता आणि जमीन आधी तिथे पोचायला हवी होती. वीज कोयनेने दिली. पूर्वेकडे वाहणाऱ्या कोयनेचे पाणी अडवून बोगद्यांतून पश्चिमेला कोकणाच्या बाजूने खाली सोडायचे आणि त्या उतारावर जनित्रे फिरवायची, अशी ही योजना. १९६२ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली आणि टप्प्याटप्प्याने क्षमता १,९६० मेगावॅटपर्यंत गेली. परतावा मिळायला दशक-दीड दशक लागणारे असे काम त्या काळी खासगी भांडवलाने हाती घेतले नसते. त्याची किंमत मात्र धरणाखाली घरे-शेते गेलेल्या गावांनी मोजली, आणि त्यांच्या पुनर्वसनाचे प्रश्न पुढच्या पिढ्यांपर्यंत रेंगाळले.

जमिनीचे काम औद्योगिक विकास महामंडळाने केले. १९६१ च्या कायद्यानुसार १९६२ मध्ये स्थापन झालेले हे महामंडळ जमीन संपादन करते, रस्ते आणि जलवाहिन्या टाकते आणि आखलेले भूखंड उद्योजकाला भाडेपट्ट्याने देते. लहान उद्योजकाला यातून झालेला फायदा मोठा आहे. शेतजमीन विकत घेणे, ती बिगरशेती करणे, पाण्याची परवानगी आणि वीजजोडणी मिळवणे यांत जाणारी त्याची वर्षे वाचली. पिंपरी-चिंचवड, चिकलठाणा, वाळूज, सातपूर, बुटीबोरी या वसाहतींना मराठी माणूस सरसकट ‘एमआयडीसी’ म्हणतो. एखाद्या महामंडळाचे नाव ठिकाणाचे सामान्यनाम व्हावे, यातच त्याच्या कामाची व्याप्ती आली.

वसाहती सर्वदूर झाल्या, पण कारखाने सर्वदूर गेले नाहीत. मागास भागात जाणाऱ्या उद्योगांसाठी १९६४ पासून सवलतींची सामूहिक योजना सुरू झाली. तरीही मुंबई–पुणे–नाशिक हा पट्टाच फुगत गेला. कुशल कामगार, सुट्या भागांचे पुरवठादार, बंदर आणि बाजारपेठ जिथे आहे तिथे उद्योग ओढला जातो. करसवलत या ओढीवर थोडीफार मात करते, पूर्ण नाही. १९८५ मध्ये वाळूजला दुचाकींचा मोठा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आधाराने सुट्या भागांचे शेकडो छोटे उद्योग उभे राहिले. तशी साखळी जिथे जुळली तिथे वसाहत भरली. जिथे जुळली नाही तिथे भूखंड गवताखाली राहिले.

मागेल त्याला काम

शासनाच्या भूमिकेचा सर्वांत मूलगामी प्रयोग रोजगार हमी योजनेचा. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तो प्रथम १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात करून पाहिला. काम मागणाऱ्याला गावाजवळ उत्पादक काम द्यावे आणि त्यातून गावाची मालमत्ता उभी राहावी, अशी त्यांची कल्पना होती. त्यानंतर १९७० ते १९७३ असा सलग दुष्काळ पडला. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसे होती. लाखो कुटुंबे खडी फोडत आणि माती वाहत त्या उन्हाळ्यातून तरली. धान्योत्पादन कोसळलेले असताना भूकबळींचे थैमान टळले, कारण धान्य विकत घेण्यापुरती मजुरी घरात येत होती. दुष्काळात अन्नाच्या तुटवड्याइतकीच, किंबहुना जास्त, क्रयशक्ती संपल्यामुळे माणसे मरतात; ती टिकवली तर दुष्काळाचे रूपांतर उपासमारीत होत नाही, हे महाराष्ट्राने जगाला दाखवले.

दुष्काळ सरला तेव्हा कामे बंद करता आली असती. राज्याने उलट पाऊल उचलले. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. ग्रामीण भागातील प्रौढ व्यक्तीने अंगमेहनतीचे काम मागितले तर १५ दिवसांत ते देणे शासनावर बंधनकारक झाले. न दिल्यास बेकारी भत्ता. पैशाची सोयही कायद्यानेच केली. त्यासाठी १९७५ पासून व्यवसाय कर लावण्यात आला, आणि अशा करांतून जमा होणाऱ्या रकमेइतकीच रक्कम राज्याने स्वतःची घालायची, असे ठरले. आजही राज्यातील पगारदाराच्या पगारपत्रकात दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये अशी वर्षाला २,५०० रुपयांची कपात दिसते. शहरात पंख्याखाली काम करणाऱ्याने रानात उन्हात काम करणाऱ्याच्या रोजगारासाठी दिलेला हा वाटा होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

कामाच्या जागी चित्र साधे असे. चुन्याने आखणी झालेली, टिकाव, फावडी आणि घमेली घेऊन टोळ्या लागलेल्या, पाझर तलावाच्या भिंतीवर मुरूम चढत चाललेला. मजुरी दिवसावर नसे, मोजमापावर असे. खोदलेल्या चौकडीची लांबी, रुंदी, खोली मोजून, माती मऊ की कठीण, ती किती दूर आणि किती उंच वाहिली, यावरून दर निघे. हजेरीपटावर अंगठा उठे. बाईला आणि पुरुषाला दर एकच होता. शेतमजुरीत बाईची मजुरी नेहमी कमी धरली जात असताना सरकारी कामावर तिच्या घमेल्याचे मोल पुरुषाच्या घमेल्याइतके ठरले. कामावर स्त्रियांची संख्या मोठी असण्याचे हे एक मुख्य कारण.

योजनेत दोष होते. मोजमापात लबाडी होई, हजेरीपटावर खोटी नावे चढत, मजुरी आठवडेच्या आठवडे थकत असे. पाऊस पडला की मजूर शेतीकडे वळत आणि रस्ते, बंधारे अर्धवट राहत. पाझर तलावाचे पाणी बहुधा आसपासच्या जमीनमालकाच्या विहिरीला लागे. ज्याने तलाव खोदला त्या भूमिहीनाकडे विहीरच नसे. तरीही दोन गोष्टी टिकल्या. गरिबाला गावात पर्याय असल्यामुळे पडेल त्या मजुरीवर राबण्याची त्याची लाचारी कमी झाली. आणि १९९० नंतर या योजनेला फळबाग लागवडीची जोड मिळाली. छोट्या शेतकऱ्याच्या स्वतःच्या रानात आंबा, काजू, डाळिंब, बोर लावण्याचा खर्च शासनाने उचलला, आणि हलक्या, माळरानाच्या जमिनीवर बागा उभ्या राहिल्या. २००५ मध्ये संसदेने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव त्याच्या पायाशी होता.

जिथे हात पोळले

शासनाने स्वतः व्यापारी व्हायचे ठरवले तेव्हाचे अनुभव फारसे चांगले नाहीत. व्यापाऱ्यांच्या तावडीतून कापूस उत्पादकाला सोडवण्यासाठी १९७१ च्या कायद्याने एकाधिकार कापूस खरेदी योजना आणली गेली आणि १९७२ च्या हंगामात ती सुरू झाली. शेतकऱ्याने कापूस फक्त पणन महासंघालाच विकायचा, असा नियम होता. दर निश्चित मिळाला, पण पैसे हप्त्याने आणि उशिरा मिळत. बाहेरचे भाव चढले की कापूस रात्रीतून शेजारच्या राज्यांत जाई. बाहेरचे भाव पडले की तो उलटा महाराष्ट्रात येई. तोटा साचत गेला आणि अखेर २००२ च्या सुमारास एकाधिकार मोडीत निघाला. शेतकऱ्याला भावाचा आधार देणे हे शासनाचे काम खरे. त्याचा माल घेणारे दुसरे सगळे हात बांधणे हा त्याचा मार्ग नव्हता.

खासगी भांडवलाशी करार करतानाही चूक झाली. गुहागर तालुक्यातील दाभोळ वीजप्रकल्पाचा एन्रॉन या अमेरिकी कंपनीशी झालेला करार १९९३ चा. वीज घेतली नाही तरी क्षमतेचा आकार भरायचा आणि तोही डॉलरच्या दराशी बांधलेला, अशी त्याची रचना होती. करार रद्द झाला, पुन्हा झाला, १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला आणि २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. महागडी वीज घेणे राज्य वीज मंडळाला परवडले नाही. गुंतवणूक आणणे हे शासनाचे काम. पण करार जनतेसमोर, स्पर्धात्मक निविदेने आणि मागणीचा नेमका अंदाज घेऊन झाला नाही, तर त्याचा भार पिढीभर वाहावा लागतो.

सिंचनाची कहाणीही अशीच अपुरी आहे. देशात सर्वांत जास्त मोठी धरणे महाराष्ट्रात आहेत, पण राज्याच्या पीकक्षेत्राच्या जेमतेम पाचव्या हिश्श्यालाच सिंचन मिळते. धरणाची भिंत उभी राहते, कालवे अपुरे राहतात, शेवटच्या टोकाला पाणी पोचत नाही, आणि आहे त्यातला मोठा भाग थोड्या क्षेत्रावरचा ऊस पिऊन टाकतो. नवे काम सुरू करण्याला जेवढा मान मिळतो तेवढा जुने काम पूर्ण करण्याला आणि नीट राखण्याला मिळत नाही, हे या दुखण्याचे मूळ आहे.

अनुशेषाचा हिशेब

विकास एकूण किती झाला याइतकाच तो कुठे झाला हा प्रश्न महत्त्वाचा. विदर्भ १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशात आणि मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. मराठी मुलूख एक होण्यापूर्वी १९५३ च्या नागपूर करारात निधी आणि नोकऱ्यांत न्याय्य वाट्याचे आश्वासन देण्यात आले. ते कितपत पाळले गेले हे तपासण्यासाठी १९८३ मध्ये वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली आणि तिने १९८४ मध्ये अहवाल दिला. रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य अशा प्रत्येक क्षेत्रात राज्याची सरासरी काढायची, जिल्हा तिच्या किती मागे आहे ते पाहायचे आणि ती तूट भरून काढायला लागणारा खर्च म्हणजे त्या जिल्ह्याचा अनुशेष, अशी तिची पद्धत होती. एकूण अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपये निघाला. त्यात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के, मराठवाड्याचा २४ टक्के आणि उर्वरित महाराष्ट्राचा ३७ टक्के होता. सिंचनाचा अनुशेष सर्वांत मोठा होता.

या अहवालाने तक्रारीला आकडा दिला, आणि आकडा आला की उत्तर द्यावे लागते. राज्यघटनेच्या कलम ३७१ (२) नुसार १९९४ मध्ये तीन वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली आणि निधीच्या समन्यायी वाटपाची जबाबदारी राज्यपालांवर आली. मंडळांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली, पण प्रश्न संपलेला नाही. मराठवाड्यातला शेतकरी आजही पावसाकडे डोळे लावून कापूस आणि सोयाबीन पेरतो. निधी मंजूर होणे, तो वेळेत खर्च होणे आणि त्यातून पाणी खरोखर शेतात पोचणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अनुशेषाच्या चार दशकांच्या हिशेबातून दिसते.

मालकाकडून पंचाकडे

१९९१ नंतर शासनाची भूमिका बदलली. परवान्यांचे राज्य आटले आणि नियमनाचे काम वाढले. १९९९ मध्ये राज्यात वीज नियामक आयोग आला. वीजदर जाहीर सुनावणीत ठरू लागले आणि ग्राहकाला तिथे उभे राहून हरकत घेता येऊ लागली. २००५ मध्ये वीज मंडळाचे निर्मिती, पारेषण आणि वितरण असे विभाजन झाले. त्याच वर्षी जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदाही झाला. पाण्याच्या वाटपासाठी स्वतंत्र नियामक नेमण्याचा तो देशातला पहिलाच प्रयत्न होता.

बांधणीचे कामही नव्या पद्धतीने होऊ शकते, हे कोकण रेल्वेने सिद्ध केले. १९९० मध्ये स्थापन झालेल्या महामंडळात केंद्राचा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५ आणि केरळ व गोव्याचा प्रत्येकी ६ टक्के वाटा होता. उरलेला पैसा रोख्यांतून उभा केला गेला. सह्याद्रीचे कातळ आणि कोकणातील खाड्या पार करणारा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग १९९८ मध्ये पूर्ण खुला झाला. सरकारी काम रेंगाळतेच असे नाही. जबाबदारी एकाच्या हाती, अधिकार जागेवर आणि मुदत सर्वांना माहीत असेल, तर तेही वेगाने होते.

या साऱ्या अनुभवाचा निष्कर्ष असा. पाणी, वीज, रस्ते, शाळा आणि दवाखाने शासनानेच उभे केले पाहिजेत, आणि ते मागास तालुक्यांत आधी केले पाहिजेत. भांडवल घालताना मुदत ठरलेली असावी. संस्था पायावर उभी राहिली की शासनाने बाजूला व्हावे आणि ती बुडत असेल तर तिचा हिशेब जनतेसमोर ठेवावा. बाजारात माल घेणारे हात वाढवावेत, बांधू नयेत. आणि जे द्यायचे ते कायद्यात, मुदतीसह लिहून द्यावे. रोजगार हमी टिकली, कारण तिच्यात मजुराला ‘काम द्या’ असे हक्काने म्हणता येत होते. अनुशेष रेंगाळला, कारण शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला ‘पाणी द्या’ असे कोणत्याही कायद्याच्या आधारे म्हणता आले नाही. ऊस घातल्यावर १४ दिवसांत पैसे आणि काम मागितल्यावर १५ दिवसांत काम, असे आकडे कायद्यांत आहेत. कालव्याच्या शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचवण्याचा आणि ऊसतोड मजुराच्या मुलाला वर्षभर शाळेत ठेवण्याचाही असाच दिवसांत मोजलेला, बांधील आकडा आता महाराष्ट्राने कायद्यात लिहिला पाहिजे.